कोरड्या डोळ्यांसाठी शेकाचे मास्क आणि क्लिनिकमधील उष्णता-उपचार : अनुभव व माहिती हवी आहे

खाडीकाठ

नमस्कार. गेल्या वर्षभरापासून संध्याकाळ झाली की माझे डोळे चुरचुरतात, लाल होतात आणि स्क्रीनवरची अक्षरे मध्येच पुसट होऊन पापणी मिटली की पुन्हा स्पष्ट दिसतात. ऑफिस ऐरोलीला आहे. दिवसभर वातानुकूलित मजल्यावर दोन मॉनिटरसमोर काम आणि परतताना कंपनीच्या बसमध्ये थंड हवेचा झोत थेट चेहऱ्यावर. ठाण्यातील नेत्रतज्ज्ञांनी तपासून सांगितले की डोळ्यांत पाणी पुरेसे तयार होते आहे, परंतु पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्यामुळे ते टिकत नाही. त्यांनी थेंब लिहून दिले आणि सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे पापण्यांना शेक घ्यायला सांगितले.

गरम पाण्यात पिळलेला रुमाल मी वापरून पाहिला, पण तो इतक्या लवकर निवतो की दहा मिनिटांतला बराचसा वेळ पाणी तापवण्यातच जातो. बाजारात मायक्रोवेव्हमध्ये तापवायचे मास्क आहेत, यूएसबीवर चालणाऱ्या पट्ट्या आहेत, पाकीट फोडताच आपोआप गरम होणारे एकदाच वापरायचे मास्क आहेत, आणि काही क्लिनिकमध्ये पापण्यांना यंत्राने उष्णता देतात. यांपैकी काय खरोखर उपयोगी पडते आणि कोणासाठी, हे येथील अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे. दुसरे म्हणजे, मुंबईच्या इतक्या दमट हवेत डोळे कोरडे पडतातच कसे?

रातराणी

माझे मत साध्या रुमालाच्या बाजूचे आहे. गिरगावच्या आमच्या चाळीत कोणाला रांजणवाडी आली की आजी पदराच्या टोकाचा बोळा करून तोंडाच्या वाफेने ऊन करायची आणि पापणीवर हलकेच टेकवायची. ती पुनःपुन्हा फुंकर घालायची आणि पुनःपुन्हा टेकवायची, त्यात तिला कंटाळा नव्हता. मीही डोळे जड झाले की रुमालच वापरते आणि मला बरे वाटते. त्यासाठी विजेवर चालणारी वस्तू कशाला हवी, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

दृष्टिक्षेप

मी दादरला ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करते आणि हा प्रश्न मला जवळजवळ रोज विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपल्या वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० अशा उभ्या, लांबट तेलग्रंथी असतात. जर्मन वैद्य हाइनरिश मायबोम यांनी १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. प्रत्येक वेळी पापणी मिटली की या ग्रंथी किंचित दाबल्या जातात आणि कडेवरच्या बारीक तोंडांतून तेल बाहेर येऊन अश्रूंवर अतिशय पातळ थर पसरतो. हा थर नसला की खालचे पाणी उडून जाते. खाडीकाठ, तुम्ही अक्षरे पुसट होण्याचे आणि पापणी मिटल्यावर स्पष्ट होण्याचे जे वर्णन केले आहे, ते अश्रूंचा थर मध्येच फाटल्याचे नेमके लक्षण आहे. आम्ही डोळ्यात पिवळा रंग घालून तो थर किती सेकंदांत फाटतो हे मोजतो. दहा सेकंदांच्या आत फाटला तर तो अस्थिर समजला जातो.

निरोगी माणसाचे हे तेल पापणीच्या नेहमीच्या तापमानालाच पातळ असते. ग्रंथी बिघडल्या की त्याची घडण बदलते आणि ते थंडीत थिजलेल्या तुपासारखे घट्ट होऊन तोंडाशी अडकते. ते पुन्हा पातळ होण्यासाठी पापणीच्या आतल्या बाजूचे तापमान साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊन काही मिनिटे तिथेच राहावे लागते. येथेच रुमालाची अडचण होते. ग्रंथी त्वचेखाली, पापणीच्या आतल्या अंगाला असतात. पापणीत भरपूर रक्त खेळत असल्यामुळे बाहेरून दिलेली उष्णता सतत वाहून नेली जाते, आणि ओला रुमाल दोनेक मिनिटांत निवतो. त्यामुळे रुमालाने शेक घ्यायचाच असेल तर दर दोन मिनिटांनी नवा गरम रुमाल घ्यावा लागतो. रातराणीताई, तुमच्या आजी पुनःपुन्हा फुंकर घालत होत्या ते अगदी योग्य होते. रांजणवाडीच्या काही प्रकारांत याच ग्रंथी सुजलेल्या असतात. मात्र एका गाठीसाठी दोन-तीन दिवस शेक घेणे वेगळे आणि चारही पापण्यांच्या सगळ्या ग्रंथींसाठी महिनोन्महिने घेणे वेगळे. डोळ्यांवर बांधायच्या मास्कचा खरा फायदा एवढाच आहे की उष्णता टिकते आणि हात मोकळे राहतात, म्हणून माणूस तो उपाय सोडून देत नाही.

लोकलकर

मी परळला राहतो आणि मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा मण्यांचा मास्क वापरतो. त्यातले मणी हवेतला ओलावा शोषून घेतात आणि तापवल्यावर तो वाफेच्या रूपात सोडतात, त्यामुळे शेक कोरडा लागत नाही. मला संध्याकाळी कामावरून आल्यावर घेतलेला शेक सर्वांत मानवतो. त्यानंतर तासभर तरी डोळ्यांत कचकच जाणवत नाही आणि सकाळी पापण्यांच्या कडेला चिकटणारी चिपाडे खूप कमी झाली आहेत.

एक सूचना मात्र कळकळीने करतो. माहितीपत्रकात किती सेकंद तापवायचे ते लिहिलेले असते, परंतु प्रत्येक मायक्रोवेव्हची शक्ती वेगळी असते. आम्ही घर बदलले तेव्हा नव्या घरातला मायक्रोवेव्ह अधिक वॅटचा होता आणि तेवढ्याच सेकंदांत मास्क चटका बसेल इतका तापला. तेव्हापासून मी आधी कमी वेळ तापवतो, मास्क हलवून मणी सारखे पसरवतो, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहतो आणि मगच डोळ्यांवर ठेवतो. पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ त्वचा आहे, हे विसरून चालत नाही.

अबोली

येथे सर्वजण शेकाकडे वळण्याआधी माझा अनुभव वाचावा अशी विनंती आहे, कारण तो अगदी उलट आहे. माझेही डोळे कोरडे पडत होते आणि ओळखीतल्या प्रत्येकाने शेक सांगितला. मी चांगला महागडा मास्क आणून नेमाने शेक घेतला, पण काडीचाही फरक पडला नाही. पुढे तोंडही कोरडे पडू लागले, चपाती-भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळवेना, बोटांचे सांधे सकाळी आखडू लागले. तेव्हा नव्या डॉक्टरांनी शिर्मर चाचणी केली, म्हणजे खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते पाहिले. माझी पट्टी जेमतेम भिजली. रक्त तपासल्यावर शोग्रेन सिंड्रोम निघाला, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर हल्ला करते.

माझ्याकडे मुळात पाणीच तयार होत नव्हते. तेल वितळवून ते कसे येणार? आता संधिवाततज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ असे दोघांचेही उपचार चालू आहेत. शोग्रेन असलेल्यांच्याही तेलग्रंथी बिघडू शकतात, त्यामुळे मला थोडा शेक अजूनही सांगितलेला आहे, पण तो मुख्य उपचार नाही. डोळे कोरडे म्हणजे मास्क घ्या, असा सरसकट सल्ला कृपया कोणी देऊ नये.

दृष्टिक्षेप

अबोलीताईंनी जे लिहिले आहे ते या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचे आहे असे मला वाटते. कोरडेपणाचे दोन मोठे प्रकार मानले जातात, पाणी कमी तयार होण्याचा आणि पाणी लवकर उडून जाण्याचा, आणि पुष्कळांमध्ये दोन्ही मिसळलेले असतात. उडून जाण्याचा प्रकार कितीतरी अधिक आढळतो, म्हणूनच शेकाचा सल्ला इतका सर्रास दिला जातो. पण तोंडही कोरडे पडत असेल, सांधे दुखत असतील, किंवा त्वचेवरच्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या, ॲलर्जीच्या अथवा नैराश्याच्या काही गोळ्या चालू असतील, तर ते तपासताना आपणहून सांगावे. रुग्ण डोळ्यांच्या डॉक्टरांना फक्त डोळ्यांचेच सांगतात आणि तिथे पुष्कळ वेळ वाया जातो.

सह्यकडा

मी यंत्र अभियंता आहे, त्यामुळे उष्णतेच्या बाजूने थोडे लिहितो. या सर्व साधनांत पाहण्याच्या गोष्टी तीन आहेत : उष्णता कुठून येते, ती कुठे थांबते आणि पापणीला किती घट्ट चिकटते.

मण्यांच्या मास्कमध्ये साठवलेली उष्णता असते. ती सुरुवातीला जास्त आणि नंतर उतरत जाणारी असते. आपोआप गरम होणाऱ्या पाकिटांत लोखंडाची पूड असते आणि हवेतला प्राणवायू लागताच ती गंजू लागून उष्णता सोडते. जपानी काओ कंपनीचे मेगरिदम मास्क या तत्त्वावर चालतात आणि साधारण ४० अंशांच्या आसपास उबदार राहतात. प्रवासात ते सोयीचे आहेत, पण ४० अंश बाहेर म्हणजे पापणीच्या आत त्याहून कमी, हा हिशोब ध्यानात ठेवावा. आराम वाटणे आणि घट्ट तेल पातळ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विजेच्या पट्टीत तापमान सतत राखता येते, हा तिचा मोठा गुण. परंतु त्यासाठी तिच्यात खरा तापमाननियंत्रक आणि ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय असली पाहिजे. स्वस्त पट्ट्यांवर छापलेले अंश हे तारेजवळचे असतात की त्वचेजवळचे, हे कोठेही लिहिलेले नसते. शिवाय सपाट पट्टी नाकाच्या उंचवट्यामुळे डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापाशी उचललेली राहते आणि तिथल्या ग्रंथींना उष्णता मिळतच नाही. विकत घेण्यापूर्वी ती चेहऱ्यावर कशी बसते हे पाहणे मला अंशांच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे वाटते. आणि ती लावून झोपी जाऊ नये. कमी तापमानाची उष्णतासुद्धा बराच वेळ एका जागी राहिली तर भाजते.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. माझी शिर्मर चाचणी झालेली आहे आणि ती व्यवस्थित आली होती, त्यामुळे शेक माझ्यासाठी योग्य दिसतो. दमट हवेचा प्रश्न मात्र तसाच राहिला. आणि क्लिनिकमधील उपचार कोणी घेतला आहे का?

दृष्टिक्षेप

दमटपणा रस्त्यावर असतो, आपण मात्र दिवसाचे आठ-दहा तास अशा खोलीत काढतो जिथे वातानुकूलन यंत्र हवा थंड करताना तिच्यातली वाफच काढून घेते. यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी त्याच हवेतले असते. त्यात स्क्रीनकडे पाहताना पापण्यांची उघडझाप मिनिटाला पंधराच्या आसपास असते ती निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, आणि जी होते तीही पुष्कळदा अर्धवट असते. पापणी पूर्ण मिटली नाही की ग्रंथी दाबल्या जात नाहीत, तेल आतच राहते आणि घट्ट होत जाते. म्हणून शेक घेऊन झाल्यावर डोळे पूर्ण मिटून, क्षणभर तसेच ठेवून मग उघडण्याचा सराव मी प्रत्येकाला सांगते. बसमधला झोत मात्र आजच दुसरीकडे वळवावा.

पारिजात

मी क्लिनिकमध्ये उपचार घेतलेला आहे. लिपिफ्लो नावाच्या यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये मान्यता दिली. त्यात डोळ्याचे थेंब टाकून बधिरीकरण करतात, पापणीच्या आत बुबुळाला स्पर्श न करणारे कवच बसवतात, आतून ४२.५ अंशांची उष्णता देतात आणि त्याच वेळी बाहेरून हवेची पिशवी पापणी लयीत दाबत राहते. हे सर्व १२ मिनिटे चालते. मला वेदना झाली नाही, फक्त दाब जाणवला.

यानंतर आलेले टीअरकेअर हे साधन अधिक खऱ्या अर्थाने अंगावर घालण्यासारखे आहे. त्याच्या लवचिक पट्ट्या पापण्यांच्या बाहेरून चिकटवतात, त्या ४१ ते ४५ अंशांपर्यंत १५ मिनिटे तापतात आणि मुख्य म्हणजे डोळे उघडे असतात, त्यामुळे रुग्ण नेहमीसारखी उघडझाप करत राहतो. नंतर डॉक्टर चिमट्याने प्रत्येक भागातले तेल दाबून काढतात. युरोपात ब्लेफास्टीम नावाचा चष्मा वापरतात. त्यात काचांभोवती तापक असतो, ओल्या कड्या बसवतात आणि डोळ्यांभोवती ऊन दमट हवा कोंडून धरतात.

माझा अनुभव सांगायचा तर पहिल्या आठवड्यात काही जाणवले नाही. नंतर हळूहळू इतका फरक पडला की मी पुन्हा रात्री पुस्तक वाचू लागले. काही महिन्यांनी तो परिणाम ओसरत गेला. खर्च बराच आहे आणि रुग्णालयात दाखल न होता घेतलेला असल्यामुळे माझ्या मेडिक्लेममध्ये तो बसला नाही. तरीही मला तो आवश्यक वाटला.

मीठागर

पारिजातताई, तुम्हाला फरक पडला याचा आनंदच आहे. परंतु वाचकांनी पैसे खर्च करण्याआधी दुसरी बाजूही पाहावी. लिपिफ्लोवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये एकत्रित आढावा घेतला. इतर प्रचलित उपचारांशी तुलना करता लक्षणांत ठाम आणि स्पष्ट सरसपणा त्यातून दिसला नाही, आणि उपलब्ध पुराव्याचा दर्जाही फारसा वरचा नव्हता. टीअरकेअरची सायक्लोस्पोरीन या कोरडेपणावरच्या औषधाच्या थेंबांशी तुलना करणारी सहारा ही चाचणी तर त्या यंत्राच्या निर्मात्या कंपनीनेच करवली. अशा चाचणीत काही खोट असते असे माझे म्हणणे नाही, पण ज्याला यंत्र लावले आहे त्याला ते लावले आहे हे ठाऊक असते, आणि डोळ्यांची चुरचूर ही रुग्णाने स्वतः सांगायची गोष्ट आहे. महागड्या यंत्राखाली बसून उठलेल्या माणसाला काही काळ बरे वाटणे स्वाभाविक आहे.

याच विषयात माशाच्या तेलाच्या गोळ्यांचे उदाहरण आहे. वर्षानुवर्षे त्या सर्वांना सांगितल्या जात होत्या. २०१८ मध्ये ड्रीम या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले; त्यात एका गटाला रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ (माशाच्या तेलातले स्निग्धाम्ल) आणि दुसऱ्याला ऑलिव्ह तेल दिले होते. दोन्ही गटांना बरे वाटले, आणि दोहोंत लक्षणीय फरक निघाला नाही. बांगडा-सुरमई चवीने खावी, पण डोळ्यांसाठी गोळ्यांवर दरमहा पैसे घालवण्याआधी हे माहीत असावे.

पारिजात

मीठागर, आपला मुद्दा मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. सहारा चाचणीत केवळ रुग्णाचे म्हणणे विचारात घेतलेले नव्हते. अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो हेही मोजले होते आणि त्यात यंत्राचा गट सायक्लोस्पोरीनच्या गटापेक्षा सरस ठरला. लक्षणांच्या बाबतीत तो कमी पडला नाही. ज्याला दिवसातून दोन वेळा थेंब घालून होणारी आग सहन होत नाही, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. आणि इतर उपचारांच्या बरोबरीचे असणे म्हणजे निरुपयोगी असणे नव्हे. माझे हात संधिवाताने दुखतात. रोज शेक आणि मसाज करणे मला जमत नाही. घरी जे करता येत नाही ते कोणी नीट करून देत असेल, तर मी त्याचे पैसे का देऊ नयेत?

मीठागर

हाताच्या अडचणीचे आपले कारण अगदी रास्त आहे आणि ते मी लक्षात घेतले नव्हते. माझा आक्षेप एवढाच राहतो की घरचा शेक नीट करून न पाहताच लोकांना पहिल्याच भेटीत यंत्राकडे पाठवले जाऊ नये.

दृष्टिक्षेप

या दोघांच्या चर्चेत एक गोष्ट राहून जाते आहे. क्लिनिकमध्ये उष्णतेइतकेच महत्त्व नंतर तेल दाबून काढण्याला असते. घरी शेक घेऊन मास्क काढला आणि लगेच फोन हातात घेतला, तर पातळ झालेले तेल पुन्हा तिथेच घट्ट होते. शेकानंतर लगेच, स्वच्छ हातांनी, वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, कडेच्या दिशेने बोटाच्या पेराने हलकेच निथळवावी. दाब पापणीवर असावा, बुबुळावर नव्हे. शेकाने बुबुळाचा बाह्य पडदाही किंचित ऊबदार होतो आणि अशा वेळी जोराने चोळल्यास त्याचा आकार तात्पुरता बदलून काही वेळ धूसर दिसू शकते. ज्यांना केराटोकोनस (बुबुळाचा बाह्य पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा विकार) आहे किंवा घरात कोणाला आहे, त्यांनी हा मसाज डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये.

आणखी एक. काही क्लिनिकमध्ये पापणी उलटून इन्फ्रारेड छायाचित्र काढतात, त्याला मायबोग्राफी म्हणतात. त्यात ग्रंथी पांढऱ्या उभ्या रेघांसारख्या दिसतात आणि जिथे त्या झडून गेल्या आहेत तिथे जागा रिकामी दिसते. तुंबलेली ग्रंथी उष्णतेने मोकळी होऊ शकते, परंतु पूर्ण झडलेली ग्रंथी शेकाने उगवत नाही. यंत्रावर मोठा खर्च करण्याआधी हे छायाचित्र पाहिले, तर किती लाभाची अपेक्षा ठेवावी हे कळते, आणि मीठागर व पारिजातताई यांच्यातला वाद त्या एका रुग्णापुरता तरी बराचसा सुटतो.

कोकमसार

माझे वय पासष्टीच्या पुढचे आहे. शेकाचा मास्क मुलीने आणून दिला आणि मी तो दुपारी लावून बसते. नातवाला वाटते आजी आंधळी कोशिंबीर खेळते आहे, त्यामुळे दहा मिनिटे तो माझ्याभोवती टाळ्या वाजवत फिरतो आणि माझी वेळ छान जाते.

मला एक सुचवायचे आहे. मी आयुष्यभर पापणीच्या आतल्या कडेला काजळ घातले. डॉक्टरांनी भिंगातून पाहिले तेव्हा ग्रंथींच्या तोंडांवर काळा थर साचलेला दिसला. मी विचारले की मग शेक घेऊन काय उपयोग, तर त्या म्हणाल्या, आधी दार उघडा. आता काजळ पापणीच्या बाहेरच्या अंगाला घालते, रात्री न चुकता पुसते आणि शेकानंतर पापण्यांच्या केसांची मुळे डॉक्टरांनी दिलेल्या द्रावाने स्वच्छ करते.

खाडीकाठ

कोकमसार काकू, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिलाही काजळाची सवय आहे. खरे तर तिच्याबद्दलच आता विचारायचे आहे. माझा मास्क आल्यापासून तीही तो मागते आहे, कारण तिचे डोळे सतत वाहतात. तिला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि पुढच्या महिन्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली आहे. डोळे वाहत असतील तर ते कोरडे कसे, आणि तिला हा मास्क द्यावा का?

दृष्टिक्षेप

वाहणारे डोळे कोरडेपणाचे लक्षण असू शकतात. थर फाटला की डोळ्याच्या पृष्ठभागाला टोचते आणि मेंदू एकदम पाणी सोडायला लावतो. ते तेलाविना असल्यामुळे टिकत नाही, गालावर ओघळते. पण अश्रू वाहून नेणारी नळी बंद असली तरीही डोळे वाहतात, म्हणून आईंचे तपासूनच ठरवावे लागेल.

मास्क मात्र सध्या देऊ नये. जुन्या मधुमेहात कॉर्नियाची, म्हणजे बुबुळाच्या बाह्य पडद्याची, संवेदना कमी झालेली असू शकते, आणि ज्याला चटका वेळेवर जाणवत नाही त्याच्यासाठी मनगटावर तापमान पाहण्याची लोकलकर यांची युक्तीही पुरेशी ठरत नाही. डॉक्टरांनी शेक सांगितलाच, तर तापमान घरातल्या दुसऱ्या कोणी तपासावे.

शस्त्रक्रियेच्या दृष्टीने हे आणखी महत्त्वाचे आहे. डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना बुबुळाच्या वक्रतेचे मोजमाप घेतात आणि ते अश्रूंच्या थरावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावर अवलंबून असते. थर अस्थिर असेल तर मोजमाप चुकू शकते आणि भिंगाचा नंबरही. त्यामुळे आईंचे डोळे वाहतात हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना आताच सांगावे. गरज वाटल्यास ते आधी कोरडेपणाचे उपचार करून मोजमाप पुन्हा घेतील. शस्त्रक्रियेनंतर जखम भरेपर्यंत पापण्यांवर दाब, मसाज किंवा शेक यांपैकी काहीही त्यांच्या स्पष्ट परवानगीशिवाय नको.

अबोली

आईंना डॉक्टरांकडे नेताना त्यांच्या सर्व गोळ्यांची यादी सोबत ठेवा, झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्यासुद्धा. माझ्या बाबतीत त्या यादीमुळेच डॉक्टरांना पुढची दिशा सापडली.

खाडीकाठ

उद्याच फोन करून मोजमापाच्या आधीची वेळ मागतो. माझ्यासाठी मण्यांचा मास्क आणि नंतर निथळवणे असे तीन महिने नेमाने करीन. फरक पडला नाही तर मायबोग्राफी करून मग क्लिनिकमधील उपचाराचा विचार करीन. यंत्राचा खर्च त्याआधी करणार नाही.

रातराणी

एवढे वाचल्यावर मीही मास्क घ्यायचे ठरवते आहे. फक्त तो धुता येतो का, आणि माझ्या यजमानांनाही तोच वापरता येईल का, हे कोणी सांगावे.

लोकलकर

रातराणीताई, मण्यांचा मास्क मी सौम्य साबणाने हातानेच धुतो आणि पूर्ण वाळेपर्यंत पुन्हा तापवत नाही. पावसाळ्यात त्याला पंख्याखालीही बराच वेळ लागतो, म्हणून दोन धुण्यांच्या मधल्या काळात मी मास्क आणि पापण्यांमध्ये पातळ सुती रुमाल घालून वापरतो आणि रोज तो रुमाल बदलतो. यजमानांसाठी मात्र वेगळा घ्यावा. पापण्यांच्या कडेचा संसर्ग आणि केसांच्या मुळांशी राहणारे सूक्ष्म किडे एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, म्हणून आमच्या घरी दोन मास्क आहेत आणि दोन्हींवर नावे लिहिली आहेत.